फोटोचा सातबारा

११ सप्टेंबर २००१ ला टोमास रुफ न्यू यॉर्कमध्ये होता. जर्मनीतला आघाडीचा छायाचित्रकार, कॅमेरा जवळ, घटना समोर. त्याने फोटो काढलेसुद्धा. पण फिल्म धुऊन आली तेव्हा तिच्यावर काहीच उतरलेलं नव्हतं. मग घरी बसून बातम्या बघणाऱ्या कुणीही केलं असतं तेच त्याने केलं. इंटरनेटवर फिरणारे त्या दिवसाचे फोटो उतरवून घेतले.

हे फोटो मुळात इवलेसे होते. जेपेग ही १९९२ पासून प्रमाण ठरलेली पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला जो बारीक तपशील गेला तरी आपल्या डोळ्याला कळणार नाही, तो फेकून देते. फाइल हलकी होते, चटकन पोचते. रुफने हे चौकोन लपवले नाहीत. ते आणखी ठळक होतील असंच पाहिलं आणि मग चित्रं अडीच मीटरहून उंच छापली. २००४ सालच्या 'जेपेग एनवाय ०२' या चित्रात लांबून धुराचा लोट स्वच्छ दिसतो. जवळ जावं तर करड्या-निळ्या चौकोनांपलीकडे काही हाती लागत नाही. माणसं मेली त्या धुराची दिवाणखान्यात टांगण्याजोगी चित्रं करावीत का, हा प्रश्न मलाही पडतो. तरी या मालिकेइतकं प्रामाणिक चित्र त्या दिवसाचं दुसरं नाही असं माझं मत आहे, कारण तो दिवस आपल्यापर्यंत ज्या रूपात पोचला तेच ते दाखवतं. आपण मनोरे पाहिले नाहीत. मनोऱ्यांच्या फाइली पाहिल्या.

रुफची आठवण काढायचं कारण आजचं आहे. सध्या कुठलाही फोटो समोर आला की पहिला प्रश्न येतो, 'खरा आहे की एआयचा?' २०२३ च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या बोरिस एल्डाग्सेनने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं पारितोषिक नाकारलं. जुन्या काळातला वाटावा असा दोन स्त्रियांचा कृष्णधवल फोटो त्याने यंत्राकडून बनवून घेतला होता, परीक्षकांनी तो निवडला, आणि मग त्याने जाहीर केलं की हे छायाचित्र नाही आणि छायाचित्रांच्या स्पर्धेत याला जागा नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाचा एआय कायदा मंजूर झाला. त्याच्या ५० व्या कलमानुसार हुबेहूब वाटणारी कृत्रिम चित्रं तशी असल्याचं सांगणं बंधनकारक आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी मसुद्यात तर चित्राच्या किमान १० टक्के भागावर तसा शिक्का असावा असं सुचवलं होतं. (शिक्का असा मोजूनमापून ठरवण्याची हौस सरकारांना सगळीकडेच असते.)

शिक्क्याला माझा विरोध नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री एखाद्या उमेदवाराचं बनावट चित्र फिरायला लागलं तर 'बनावट' हा शब्द जितक्या लवकर आणि जितका मोठा दिसेल तितका बरा. पण या एका शिक्क्याने चित्रांबद्दलचा प्रश्न सुटला असं आपण मानायला लागलो आहोत, ते चूक आहे. 'खरं की कृत्रिम' ही दोन कप्प्यांची विभागणी फार तोकडी आहे. फोटोला हवा सातबारा: मूळ कुणाचं, कुठल्या जागेचं, कधी कुणाकडे गेलं आणि वाटेत काय काय फेरफार नोंदले गेले. चाळीस वर्षं डिजिटल आणि अ‍ॅनालॉग यांच्या दोन्ही तीरांवर ये-जा करणाऱ्या रुफच्या कामाइतका याचा चांगला दाखला मला दुसरीकडे सापडत नाही.

रुफचा जन्म १९५८ चा. ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत तो बर्न्ड बेशरच्या हाताखाली शिकला. बर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने पाण्याचे टॉवर, पोलादाच्या भट्ट्या, खाणींचे सांगाडे आयुष्यभर एकाच शिस्तीत टिपले: समोरून, ढगाळ उजेडात, भावनेचा शिंतोडाही न उडू देता. रुफने तीच शिस्त माणसांना लावली. १९८० च्या दशकात त्याने मित्रमैत्रिणींचे आणि सहविद्यार्थ्यांचे पासपोर्टसारखे फोटो काढले आणि १९८६ पासून ते दोन मीटरहून उंच छापायला सुरुवात केली. त्वचेवरचं प्रत्येक रंध्र दिसतं. माणूस मात्र जराही कळत नाही. ही पिढी पश्चिम जर्मनीत डाव्या अतिरेक्यांनी माजवलेल्या १९७७ च्या दहशतीच्या दिवसांत वाढलेली होती. टपाल कचेऱ्यांत आणि रस्त्यांवर 'हवे आहेत' म्हणून चेहऱ्यांची पत्रकं लागलेली असत, पोलिस ओळखपत्रं तपासत. चेहरा म्हणजे पुरावा हा सरकारी विश्वास त्यांनी जवळून पाहिला होता. काही समीक्षकांना या निर्विकार चेहऱ्यांत नाझी काळाची छाया दिसली तेव्हा रुफने १९९१ मध्ये काही पोर्ट्रेटांमधले डोळे संगणकावर बदलून, नाझींना आवडावेत तसे, सरसकट निळे करून दाखवले. घ्या, हवी तशी प्रजा.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९९४-९५ मधलं काम. जर्मन पोलिस १९७० च्या दशकात संशयितांचे चेहरे जुळवायला मिनोल्टा कंपनीचं एक यंत्र वापरत. आरसे आणि दिवे यांच्या साहाय्याने दोन चेहरे एकमेकांवर टाकायचे आणि तयार होणाऱ्या तिसऱ्याचा फोटो घ्यायचा. बर्लिनच्या पोलिस इतिहास संग्रहातून रुफने हे यंत्र मिळवलं, आपल्याच जुन्या पोर्ट्रेटांमधले चेहरे त्यात घातले, आणि कधीच जन्माला न आलेली माणसं तयार केली. संगणकाचा स्पर्शही नाही. काच, प्रकाश आणि फिल्म. आज जे नियम लिहिले जात आहेत ते 'संगणकाने तयार केलेलं' या व्याख्येवर उभे आहेत, आणि त्या व्याख्येत हे चेहरे बसत नाहीत. शिक्क्याच्या हिशेबाने ते खरे.

याच्या उलट बाजूला २०१२ पासूनचे त्याचे 'फोटोग्राम'. १९२० च्या दशकात मोहोली-नॉज आणि मान रे हे कलाकार कॅमेऱ्याशिवाय, थेट कागदावर वस्तू ठेवून, अंधाऱ्या खोलीत प्रकाश पाडून चित्रं करत. रुफने ती अंधारी खोली संगणकात बांधली: खोटे दिवे, खोट्या वस्तू, खोटा कागद. प्रकाश कसा वाकेल आणि सावली कशी पडेल याचं गणित इतकं अवाढव्य झालं की मोठ्या आकाराच्या चित्रांसाठी जर्मनीतल्या यूलिशच्या संशोधन केंद्रातला महासंगणक लागला. पाहणाऱ्याला मात्र ही चित्रं शंभर वर्षांपूर्वीच्या हस्तकौशल्यासारखी वाटतात. आणि मधे कुठेतरी त्याचाच अकादमीतला सोबती आन्द्रेयास गुर्स्की आहे. त्याने १९९९ च्या 'राइन दुसरा' या चित्रातून नदीकाठची इमारत आणि माणसं संगणकावर पुसून टाकली. २०११ मध्ये ते ४३ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं आणि त्या काळातलं सर्वांत महाग छायाचित्र ठरलं. नदी खरी आहे. काठ खरा आहे. तो देखावा मात्र त्या जागी कुणालाही दिसणार नाही. याला कुठला शिक्का मारणार?

आता नोंद कशी ठेवावी याचा रुफचाच एक नमुना पाहा. लहानपणी त्याला खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं. १९८९ मध्ये त्याने ताऱ्यांची चित्रं करायला घेतली, पण आपल्या कॅमेऱ्याने हवी तशी स्पष्टता येणार नाही हे ओळखून युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी या वेधशाळेकडून चिलीतल्या दुर्बिणीने टिपलेल्या आकाशाच्या निगेटिव्हच्या प्रती विकत घेतल्या. एकही तारा त्याने स्वतः टिपलेला नाही. त्याने भाग निवडला, मोठा केला, छापला. आणि शीर्षक म्हणून त्या आकाशाच्या तुकड्याचे निर्देशांक दिले: तास, मिनिटं आणि अंश. कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाला ते शीर्षक वाचून दुर्बीण त्या दिशेला वळवता येते. हे चित्र आपण काढलेलं नाही, कुणाचं आहे, आणि कुठे पाहिलं तर पडताळता येईल, हे सगळं त्याने उघड ठेवलं. त्यामुळे कलाकार म्हणून त्याने काही गमावलं असं मला वाटत नाही.

वर्तमानपत्रांबाबतही त्याने हाच धागा धरला. १९८१ ते १९९१ या काळात तो जर्मन वर्तमानपत्रांतली छायाचित्रं कापून ठेवत होता. त्यांतली चारशे त्याने दुप्पट आकारात, छपाईच्या ठिपक्यांसकट, पण फोटोखालच्या माहितीच्या ओळी काढून टाकून छापली. दोन माणसं हस्तांदोलन करताहेत. का? कोण? ओळी गेल्याबरोबर फोटो मुका होतो. फोटो बोलतो असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा खालची ओळ बोलत असते. पुढे २०१५ पासून त्याने 'प्रेस++' मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांच्या दप्तरांतून विकले गेलेले जुने छापील फोटो घेतले आणि पुढची व मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन करून एकावर एक चढवल्या. मागच्या बाजूला काय काय असतं! तारखेचा शिक्का, एजन्सीचं नाव, चिकटवलेली माहितीची पट्टी, 'इथून कापा' म्हणणारी उपसंपादकाची रेघ. पुढच्या बाजूला ब्रशने उजळलेल्या कडा. रुफच्या चित्रात हे सगळं चेहऱ्यांवरून, रॉकेटांवरून, तोऱ्यात उभ्या नट्यांवरून आरपार जातं. फोटो बिघडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याची वंशावळ पहिल्यांदाच दिसत असते.

डिजिटल फोटोला मागची बाजू उरलेली नाही, ही खरी अडचण आहे. निदान दिसेल अशी तरी नाही. फाइलीला चिकटलेली थोडी माहिती असते: कॅमेरा, वेळ, कधी जागा. पण व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने फोटो पाठवला की तो पुन्हा दाबून हलका केला जातो आणि ही माहितीही गळून पडते. चार गटांतून फिरून आलेला फोटो निनावी होऊन येतो. आपल्याकडे यावर एक नामी तोडगा निघालेला आहे, तो म्हणजे 'छायाचित्र सौजन्य : गुगल'. लेखांखाली, पोस्टखाली, कधी छापील अंकांतसुद्धा ही ओळ इतक्या शांतपणे येते की जणू गुगल नावाचा कुणी सद्गृहस्थ कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतो आहे. उपाय नाहीत असं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्याच लायका कंपनीने एम११-पी हा कॅमेरा आणला. फोटो काढल्याक्षणी तो फाइलीत डिजिटल सहीसह मूळ नोंद बसवतो आणि पुढचे बदल त्याखाली साठत जातात. कल्पना योग्य दिशेची आहे. पण ज्या कॅमेऱ्याच्या किमतीत आपल्याकडे मोटारगाडी येते त्याच्या भरवशावर गावोगावच्या फोटोंची सत्यता ठरणार नाही. ही नोंद साध्या फोनमध्ये यायला हवी, आणि मुख्य म्हणजे ती वाटेत पुसून टाकणाऱ्या कंपन्यांना ती राखायला कायद्याने भाग पाडायला हवं. दहा टक्क्यांच्या शिक्क्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे, म्हणूनच बहुधा फारसं कुणी बोलत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. लोकांना इतकी वंशावळ वाचायला वेळ कुठे आहे? त्यांना खरं-खोटं एका नजरेत कळायला हवं. मान्य. सगळे जण सातबारा रोज वाचत नाहीत. पण वाद उभा राहिला की वाचायला तो असावा लागतो, आणि तो असल्यामुळेच पुष्कळ वाद उभे राहत नाहीत.

शिवाय एका नजरेत कळतं ते नेहमी महत्त्वाचं असतं असं नाही, आणि इथे रुफचं काम थेट आपल्या दारात येतं. २०१८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने आपलं नवं छायाचित्रण केंद्र उघडताना रुफला काम सांगितलं, आणि त्याने तिथल्या संग्रहातल्या लिनियस ट्राइपच्या निगेटिव्ह निवडल्या. ट्राइप हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८५५ मध्ये तो ब्रह्मदेशात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर होता, आणि त्यानंतर मद्रास सरकारचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून त्याने मदुराई, श्रीरंगम, तंजावर इथल्या देवळांचे फोटो काढले. त्या निगेटिव्ह कागदाच्या होत्या, मेण लावलेल्या. तो कागद निळ्या प्रकाशाला इतका हळवा असे की आकाश नेहमी कोरं पांढरं यायचं. ट्राइपला ते खटकत असावं. त्याने निगेटिव्हवर रंगाने ढग काढले. कुठे झाडांची पालवी भरली. छापल्यावर ते ढग मद्रास इलाख्याच्या आकाशात आपसूक तरंगायला लागले. रुफने या निगेटिव्ह स्कॅन करून, उलटवून, मोठ्या केल्या तेव्हा कागदाचे डाग, चिरा आणि ट्राइपच्या हाताचे हे फटकारे लपायला जागा उरली नाही.

आता हे ढग 'खरं की बनावट' या तराजूत टाका. बनावट म्हणून पकडले जातील ते ढग. पण त्या फोटोंतलं सगळ्यात मोठं राजकारण ढगांत नाहीच. तंजावरचं भोसल्यांचं राज्य कंपनीने १८५५ मध्ये खालसा केलं. तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, कंपनीचा छायाचित्रकार बृहदीश्वराच्या देवळाभोवती कॅमेरा फिरवून पायथ्यावरचा चोळांचा शिलालेख टिपत होता. २१ फोटो जोडून त्याने त्याचं एक लांबलचक चित्र तयार केलं. कलेच्या इतिहासात ते विलक्षण काम मानलं जातं, आणि आहेच. त्याच देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलेला आहे. नुकतंच ताब्यात आलेलं राज्य, त्याच्या वास्तूंची सरकारी मोजदाद, आणि मोजणारा लष्करी अधिकारी: यातलं काहीही फोटोत दिसत नाही, आणि त्यासाठी काहीच बनावट करावं लागलेलं नसल्यामुळे कुठल्याही शिक्क्यात सापडणार नाही. ते सापडतं फक्त नोंदीत. फोटो कुणाच्या आज्ञेने काढला, कुणाच्या दप्तरात गेला, आज कुठे आहे. रुफने आपल्या मालिकेचं नावच 'ट्राइप' ठेवलं हे म्हणून मला पटतं. त्याने निदान मूळ खातेदाराचं नाव खोडलं नाही. त्या खातेदाराच्या मागे उभी असलेली कंपनी त्याने दाखवायला हवी होती, ती आपल्यालाच दाखवावी लागते.

आणि आता जिथे रुफ स्वतःच या कसोटीला उतरत नाही ते काम. १९९९ पासून त्याने इंटरनेटवरच्या अश्लील संकेतस्थळांवरून फोटो घेतले, ते धूसर केले, रंग बदलले, मोठे छापले आणि 'न्यूड्स' या नावाने प्रदर्शित केले. ती चित्रं देखणी आहेत. जुन्या तैलचित्रांची आठवण होईल इतकी मऊ. शीर्षकात दोनचार अक्षरं आणि एक आकडा. ताऱ्याला त्याने पूर्ण पत्ता दिला आणि बाईला सांकेतिक क्रमांक. तिचं नाव देणं तर आणखी वाईट ठरलं असतं हे उघड आहे. पण ती कोण, तिला विचारलं होतं का, मूळ फोटो टाकणाऱ्याने तरी विचारलं होतं का, यातलं काही त्याच्या कामाच्या आत येत नाही. जो माणूस इतरांच्या फोटोंच्या मागच्या बाजू उलगडून दाखवतो त्याने इथे मागची बाजू कोरी सोडली. पंचवीस वर्षांपूर्वी 'इंटरनेटवर होतं म्हणून घेतलं' हे धाडस वाटत असेल. आज तो धंदा आहे. हॅम्बुर्गच्या लायॉन या संस्थेने एआयच्या प्रशिक्षणासाठी इंटरनेटवरच्या ५८५ कोटी चित्रांच्या दुव्यांची आणि त्यांच्या वर्णनांची यादी केली. एका छायाचित्रकाराने त्या संस्थेवर कॉपीराइटभंगाचा दावा लावला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने संशोधनासाठीची सवलत लागू धरून तो फेटाळला. रुफने एकेक करून घेतलं, यंत्र कोटींनी घेतं. ज्याचं घेतलं त्याची नोंद दोन्हीकडे नाही.

युरोपच्या त्या ५० व्या कलमात उघडपणे कलात्मक असलेल्या कृतींना सवलत आहे: कृत्रिमतेची कबुली द्यायची, पण कलाकृतीचा आस्वाद बिघडणार नाही अशा बेताने. ही सवलत ठीक आहे. मात्र कृत्रिमतेच्या कबुलीबरोबर मूळ चित्राचा स्रोत सांगण्याची अटही कलाकारांवर आणि संग्रहालयांवर असायला हवी, भिंतीवरच्या त्या छोट्या पाटीवर, चित्राचं माप आणि साल लिहितात तिथेच. ट्राइपच्या पाटीवर मग ईस्ट इंडिया कंपनी येईल आणि 'न्यूड्स'च्या पाटीवर लिहावं लागेल: मूळ छायाचित्रकार अज्ञात, छायाचित्रातल्या व्यक्तीला विचारलेलं नाही.